आमची दहा वर्षे

दर रविवारी सकाळी आम्ही पाचजण सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठी जमतो. चौघे सत्तरी ओलांडलेले, पाचव्या बाई सत्तरीच्या उंबरठ्यावर. फिरणे हे निमित्त. मुख्य कार्यक्रम बोलण्याचा. प्रकृती, नातवंडे आणि पाण्याची टंचाई हे तीन विषय आम्ही सर्वानुमते वर्ज्य केले आहेत. कारण त्यांवर आमचे मतभेद होत नाहीत आणि मतभेदांवाचून आमचे बोलणे पुढे सरकत नाही. मग उरतो तो सिनेमा.

एका पावसाळ्यात, बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या मित्राने एक टूम काढली. १९७१ ते १९८० या दहा वर्षांतले आपापले पाच आवडते चित्रपट प्रत्येकाने कागदावर लिहून आणायचे आणि त्यांतल्या पहिल्याचे समर्थन करायचे. नियम तीन. चित्रपट त्या काळातच, थिएटरात किंवा फिल्म सोसायटीच्या पडद्यावर पाहिलेला हवा. पुढे दूरदर्शनवर वा कॅसेटवर पाहिलेला चालणार नाही. ‘समीक्षकांनी गौरवलेला’ हे कारण देता येणार नाही. आणि वाद मिटेपर्यंत कुणी तो चित्रपट पुन्हा पाहायचा नाही. जे बोलायचे ते आठवणीच्या भरवशावर.

दुसरा नियम माझ्यासाठी होता, हे सांगायला नको. त्या दशकात आम्ही काही तरुणांनी गावात फिल्म सोसायटी चालवली होती आणि तिचा चिटणीस मी होतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून सोळा मिलिमीटरच्या प्रती पत्र्याच्या डब्यांतून यायच्या. भाड्याचा प्रोजेक्टर, शाळेचे सभागृह, भिंतीवर ताणून बांधलेली पांढरी चादर. सोलापुरात चादरीला तोटा नाही, हा आमचा नेहमीचा विनोद. प्रत्येक खेळाच्या आधी सभासदांना एक सायक्लोस्टाइल केलेले चारपानी टिपण वाटले जाई. ते लिहिण्याचे काम माझे. लिहिताना मला आपण गावाला चित्रपट पाहायला शिकवीत आहोत असे वाटत असे. त्या वयात असे पुष्कळ काही वाटते.

दशक निवडले ते मात्र योग्यच होते. आमच्या पिढीला ते वाट्याला आले हे भाग्य म्हणावे लागेल. ‘जंजीर’ १९७३ चा, ‘अंकुर’ १९७४ चा. एकाच शहरात एका थिएटरात ‘जय संतोषी माँ’साठी लोक पायांतल्या वहाणा बाहेर काढून आत जात होते आणि दुसऱ्या थिएटरात ‘शोले’चे संवाद प्रेक्षक पडद्याच्या आधी म्हणत होते, दोन्ही चित्रपट १९७५ चे. मराठीत दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ १९७१ मध्ये आला, आणि दशक संपता संपता, १९७९ मध्ये, ‘सिंहासन’. १९७६ चा ‘मंथन’ गुजरातेतल्या पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला. असे दशक समोर असताना पाच नावांत यादी बसवायची म्हणजे भांडण ठरलेलेच.

पहिल्या रविवारी बँकवाल्या मित्राने आपला कागद उघडला. पहिले नाव ‘शोले’. हा त्या वेळी नोकरीच्या प्रशिक्षणासाठी मुंबईत होता आणि त्याने तो मिनर्व्हा थिएटरात, सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर पाहिला होता. नाणे उडवल्यानंतर त्याचा आवाज आपल्या पाठीमागे कुठेतरी पडला आणि शेजारच्या माणसाने वाकून खुर्चीखाली पाहिले, ही हकीकत आम्ही किमान शंभर वेळा ऐकली आहे. मी त्याला मुद्दाम डिवचले. म्हटले, “तू पाहिलेला शेवटसुद्धा खरा नव्हे. मूळ चित्रपटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने हरकत घेतली म्हणून ऐन वेळी पोलीस आणावे लागले.”

तो शांतपणे म्हणाला, “असेल. तो शेवट नंतर मीही पाहिला. पण आम्ही टाळ्या वाजवल्या त्या पोलीस येण्याआधीच. माझा शोले तेवढाच.”

“पण तो आवडतो का?”

“चांगला आहे म्हणून.”

यावर काही बोलण्यासारखे नव्हते. त्या दिवशी मला हे उत्तर अपुरे वाटले होते. पुढे त्याची किंमत कळली.

दुसरा कागद बाईंचा. बाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आजही आम्ही चौघे त्यांच्यासमोर थोडे सरळ बसतो. त्यांचे पहिले नाव ‘रजनीगंधा’. बासू चटर्जींचा हा १९७४ चा चित्रपट मन्नू भंडारींच्या ‘यही सच है’ या कथेवरचा. अमोल पालेकर आणि विद्या सिन्हा. मी म्हणालो, चित्रपट गोड आहे, पण पहिला? बाई म्हणाल्या, “तुम्हाला त्यातलं प्रेम आठवतं. मला मुलाखत आठवते. ती मुलगी दिल्लीहून मुंबईला नोकरीच्या मुलाखतीला एकटी जाते. एकटी. आणि दोन माणसं तिच्या मनात असतात, तरी चित्रपट तिला शिक्षा करत नाही. त्या काळी पडद्यावरच्या बाईला मन डळमळायची मुभा नव्हती हो.” मग जरा थांबून म्हणाल्या, “माझ्या मुलाखतीला माझ्याबरोबर वडील आले होते. पण त्याचा इथे संबंध नाही.”

तिसरा कागद उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या मित्राचा. त्याला आम्ही मास्तर म्हणतो. ‘गर्म हवा’ हे नाव येणार हे आम्ही गृहीतच धरले होते, आणि ते आले. बलराज साहनींचा सलीम मिर्झा हा हिंदी चित्रपटातल्या मोठ्या भूमिकांपैकी एक आहे यावर पाचांचे एकमत आहे. तो चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, एप्रिल १९७३ मध्ये, साहनी गेले. मी लगेच माझा जुना मुद्दा मांडला: शेवटी पाकिस्तानला निघालेला सलीम मिर्झा टांग्यातून उतरतो आणि बेकारांच्या मोर्चात सामील होतो; चित्रपटाचा सारा अर्थ त्या एका उतरण्यात आहे. टिपणातही मी तसेच लिहिले होते.

मास्तर हसला. “तू हे पहिल्यांदा सांगितलंस तेव्हापासून मी मान हलवत आलो आहे. खरं सांगू? त्या मोर्चावर माझा कधी विश्वास बसला नाही. मोर्चा येतो आणि जातो. माणूस दुसऱ्या दिवशी घरीच असतो. माझा विश्वास बसतो तो तो भाड्याचं घर शोधत फिरतो तिथे. नाव विचारतात, आणि मग घर द्यायचं नसतं. आणि त्या म्हातारीवर. हवेली सुटते, पण मरायच्या वेळी तिला डोलीतून पुन्हा तिथे आणावं लागतं. तो चित्रपट घराचा आहे. तू त्याला मोर्चाचा केलास.”

मी काही बोललो नाही. मनात मात्र एक सिद्धान्त तयार होऊ लागला. माणसे चित्रपटाविषयी बोलतात तेव्हा चित्रपटाच्या आडून स्वतःविषयीच बोलतात. आवड म्हणजे आयुष्यात जिथे खुपले त्या जागेवर ठेवलेले बोट. सिद्धान्त सुबक होता. सुबक सिद्धान्ताचा मला जन्मभर मोह पडत आला आहे.

चौथा कागद माझा. माझे पहिले नाव ‘सामना’. जब्बार पटेल यांचा पहिला चित्रपट, विजय तेंडुलकरांची पटकथा, निळू फुले आणि श्रीराम लागू समोरासमोर. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात तो स्पर्धेत होता. पण नियमानुसार ते मला सांगता येत नव्हते, म्हणून मी चित्रपटावरच बोललो. साखर कारखान्याचा अनभिषिक्त राजा हिंदूराव आणि कुठून तरी येऊन पडलेला, दारूने मोडलेला मास्तर. हा मास्तर एकच प्रश्न विचारीत राहतो: मारुती कांबळेचे काय झाले? कुणालाच उत्तर द्यायचे नसते. बोलता बोलता मी थोडा रंगात आलो. म्हणालो, जो प्रश्न गावाने गिळून टाकला आहे तो विचारीत राहणारा माणूस दाखवणे, यापेक्षा चित्रपटाने दुसरे काय करावे? सगळ्यांनी माझे म्हणणे मान्य केले. मला बरे वाटले.

पाचवा कागद राहिला होता तो छापखान्यातल्या मित्राचा. हा गिरणीकामगाराचा मुलगा. वडील सोलापुरातल्या एका गिरणीत विणाई खात्यात होते. हा शाळा अर्धवट सोडून खिळे जुळवायला लागला आणि पुढे तेच त्याचे आयुष्य झाले. सोसायटीची टिपणे तोच काढून द्यायचा. स्टेन्सिल कापणे, यंत्राचा दांडा फिरवणे, हाताला शाई; आणि एक पैसा घेत नसे. त्याने कागद उघडलाच नाही. म्हणाला, “माझं तुम्हाला ठाऊक आहे.”

ठाऊक होतेच. ‘दीवार’. गेली पन्नास वर्षे त्याचे हेच एक उत्तर होते आणि गेली पन्नास वर्षे आम्ही त्याची थट्टा करीत आलो होतो. त्याच्या केसांच्या भांगाची, गळ्यापाशी उघड्या सदऱ्याची, त्या निळ्या गोदी कामगाराच्या बिल्ल्याची. सलीम-जावेद यांनी एकाच वर्षात दोन चित्रपट दिले, जानेवारीत ‘दीवार’ आणि ऑगस्टमध्ये ‘शोले’. बँकवाल्याला एक लागला आणि याला दुसरा, असे आम्ही म्हणत असू. मी थट्टेवर थांबलो नव्हतो. १९७६ मध्ये, बहुधा एका इटालियन चित्रपटाच्या टिपणात, मी ओघाने ‘दीवार’चा समाचार घेतला होता. हा चित्रपट गुन्हेगाराला देवपण देतो, कामगारांच्या लढ्याचा उपयोग केवळ सूडकथेची पहिली काडी म्हणून करतो, असे बरेच काही. ते टिपणही त्यानेच छापले होते.

“तर मग समर्थन कर,” बँकवाला म्हणाला.

तो तलावाकडे पाहत होता. मग माझ्याकडे वळून त्याने विचारले, “तो बाप कागदावर सही का करतो, आठवतं तुला?”

मी आठवू लागलो. संप आहे, बाप पुढारी आहे, मालकाशी बोलणी आहेत. सही होते. कामगार उलटतात. बाप गाव सोडून परागंदा होतो आणि थोरल्या मुलाच्या हातावर लोक बळजबरीने गोंदवतात की याचा बाप चोर आहे. ते गोंदण मला स्वच्छ आठवत होते. पुढे त्याच हाताने तो बापाच्या चितेला अग्नी देतो, तेही आठवत होते. पण सही? “फितूर होतो,” मी म्हणालो. “विकला जातो.”

“बघ,” तो म्हणाला. “तू तेच लिहिलं होतंस. ‘बापाच्या फितुरीची शिक्षा मुलगा भोगतो.’ मी तेव्हा तुला म्हणालो होतो, एक वाक्य चुकलंय.”

आणि मला ते आठवले. सायक्लोस्टाइलचे यंत्र, शाईचा वास, दांड्यावरचा त्याचा हात थांबलेला. “एक वाक्य चुकलंय,” असे तो खरोखरच म्हणाला होता. मला वाटले, ऱ्हस्व-दीर्घाची चूक असेल; खिळे जुळवणाऱ्याची नजर त्या बाबतीत माझ्यापेक्षा तीक्ष्ण होती. कुठले, असे मी विचारलेही असेन. “जाऊ दे, स्टेन्सिल कापून झालीय,” असे म्हणून त्याने दांडा फिरवायला सुरुवात केली होती. आणि मी पुन्हा विचारले नाही.

“त्याच्या बायकोमुलांना मालकाच्या माणसांनी धरून ठेवलेलं असतं,” तो म्हणाला. “म्हणून करतो. ते चित्रपटात दाखवलंय. लपवलेलं नाही. पण त्याच्या कामगारांना ते ठाऊक नसतं आणि बघणाऱ्यांच्याही ध्यानात राहत नाही. तुझ्यासारख्याच्याही नाही.”

कुणी काही बोलले नाही. मग तो अगदी साध्या आवाजात, जणू दुसऱ्याच कुणाची हकीकत सांगावी तसा, म्हणाला, “आमच्या वडिलांनी एकदा सही केली होती. मी आठवीत होतो. संप फुटला तो काही त्यांच्या एकट्याच्या सहीनं नव्हे, पण नाव त्यांचं झालं. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. एवढंच कारण. कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. चाळीच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही. मी पुसलं.”

पन्नास वर्षांच्या मैत्रीत ही गोष्ट मला माहीत नव्हती. त्या चाळीत मी कितीदा गेलो असेन. त्याच्या वडिलांच्या हातचा चहा प्यालो आहे. ते फार कमी बोलत आणि मी त्याला गिरणीतल्या मागांच्या आवाजाने आलेला बहिरेपणा समजत असे. जो प्रश्न गावाने गिळला तो विचारणाऱ्या माणसाचे मी पाच मिनिटांपूर्वी गोडवे गायले होते. माझ्या शेजारी दांडा फिरवणाऱ्या माणसाला मात्र मी एक प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नव्हता.

माझा सिद्धान्त आता सिद्ध झाला होता खरे तर. घरी जाताना मी तो बोलूनही दाखवला: प्रत्येकाच्या आवडीमागे एक जखम असते. बँकवाला ताबडतोब म्हणाला, “मग माझं काय? माझे हात कुणी तोडलेले नाहीत. शोले मला आवडतो कारण तो चांगला आहे.” आम्ही सगळे हसलो, छापखान्यातला मित्रही हसला, आणि हसता हसता मला उमगले की त्याचे म्हणणे खरे आहे. सगळ्याच आवडी दुखण्यातून येत नाहीत. काही निखळ आनंदातून येतात आणि त्यांना दुसरे कारण देणे हा त्या आनंदाचा अपमान आहे. बाईंनी ‘त्याचा इथे संबंध नाही’ म्हटले तेही त्यांना तसेच म्हणायचे असावे; मी मात्र त्या वाक्यात मनातल्या मनात संबंध भरून टाकला होता.

पुढच्या रविवारी मी जाहीर केले की माझ्या यादीत मी ‘दीवार’ पहिल्या क्रमांकावर घेत आहे. मला वाटले होते, त्याला बरे वाटेल. तो चिडला. इतक्या वर्षांत मी त्याला असा चिडलेला पाहिला नव्हता.

“माझ्या बापामुळं मत देऊ नकोस,” तो म्हणाला. “त्यांना दया दाखवणारे नंतर पुष्कळ भेटले. सिनेमा बघ आणि मग मत दे. वाईट वाटला तर वाईट म्हण. पण बघून म्हण.”

वाद मिटेपर्यंत चित्रपट पाहायचा नाही हा नियम त्या दिवशी आम्ही एकमताने रद्द केला. ज्या चित्रपटासाठी आम्ही एकेकाळी रांगेत उभे राहिलो तो आता नातवाच्या हातातल्या फोनवर अर्ध्या मिनिटात सुरू होतो. मी तो एकट्याने पाहिला, दोन रात्रींत. सहीचा प्रसंग आहे, अगदी सुरुवातीच्या भागात. त्याने सांगितला तसाच. मी तो १९७५ मध्ये थिएटरात बसून पाहिला होता. तरीही जो मला दिसला नाही, त्याचे कारण पडद्यावर नव्हते. मी काय पाहायला आलो आहे हे आधीच ठरवून आत शिरलो होतो.

सत्येन कप्पू यांनी केलेला तो बाप आता मला फार वेळ दिसत राहिला. गाव सोडल्यावर तो आगगाड्यांतून नुसता फिरत राहतो, आणि शेवटी त्याचे प्रेत गाडीतच सापडते. पडद्यावर त्याला मिळालेला वेळ थोडा आहे, पण चित्रपटाचे सारे वजन त्याच्यावर आहे. दोन भावांच्या भांडणामागे त्याची गप्प राहिलेली बाजू आहे. मी ज्याला सूडकथेची पहिली काडी म्हटले होते, ती चित्रपटाची तुळई होती.

आणि तरीही, पाहून झाल्यावर, मला तो पहिल्या क्रमांकाचा वाटला नाही. आईच्या तोंडी न्यायनिवाडा फार ठळकपणे घातला आहे, असे मला आजही वाटते. धाकट्या भावाची सचोटी मला लिहिलेली वाटते, जगलेली नाही. उत्तरार्धातली काही दृश्ये लांबली आहेत. मी हे सारे कागदावर उतरवले आणि रविवारी वाचून दाखवले. सामना, गर्म हवा, भूमिका, मंथन आणि पाचवा दीवार. वाचताना माझा आवाज थोडा कापला असावा. टिपण वाचून दाखवताना असे पूर्वी कधी झाले नव्हते.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग चष्मा काढून पुसत म्हणाला, “धाकट्याबद्दल तू म्हणतोस ते बरोबर आहे. आईबद्दल चूक आहे. ती निवाडा करत नाही, तिला दुसरा मार्ग उरलेला नाही. पुन्हा बघ. आणि मंथनच्या खाली तो जात नाही. चौथा कर.”

मास्तर म्हणाला, “मंथनला हात लावायचा नाही.” बाईंनी विचारले की पाच पुरुषी नावांच्या या यादीत ‘रजनीगंधा’ कुठे आहे. मी ‘भूमिका’कडे बोट दाखवले, हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वरून घेतलेला, स्मिता पाटीलचा ‘भूमिका’. बाई म्हणाल्या, “ती भोगते म्हणून तुम्हाला चालते. माझी नुसती गोंधळते.” बँकवाल्याने पुन्हा नाण्याची हकीकत सुरू केली. सिद्धेश्वराच्या देवळातली घंटा झाली, उन्हे बाकापर्यंत आली, आणि त्या वेळी रोज उठणारे आम्ही कुणीच उठलो नाही.

यादी अजून पक्की झालेली नाही. ‘दीवार’ सध्या पाचवा आहे. आईचा प्रसंग मी आणखी एकदा पाहणार आहे.